बारा विषय आणि एक पातळ

माझी नात दर सोमवारी सकाळी दात घासायच्या आधी फोन उघडते. कुठल्यातरी दूरदेशीच्या मंडळींनी फोटो काढणाऱ्यांसाठी त्या आठवड्याचा विषय धाडलेला असतो. कधी 'सावली', कधी 'गोल वस्तू', कधी नुसतंच 'पिवळं'. मग आठवडाभर ती घरातलं पिवळं शोधत फिरते आणि माझ्या हळदीच्या डब्याला सुखानं बसू देत नाही. मागच्या सोमवारी विषय आला 'वाट पाहणं'. तिला काही सुचेना, म्हणून माझ्यापाशी येऊन बसली. म्हटलं, बाई, हा विषय मला येऊन चाळीस वर्षं होऊन गेली. तिला वाटलं आजी चेष्टा करते आहे. पण माझाही दर आठवड्याला विषय यायचा, आणि तो पोस्टकार्डावर यायचा. फरक एवढाच की तिचा विषय फक्त तिला कळतो. माझा विषय आधी साऱ्या सौंसर गावाला कळायचा आणि सगळ्यांत शेवटी मला.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे नहाणी आणि नहाणीच्या पाण्यावर पोसलेलं एक पपईचं झाड. बाबा कचेरीत कारकून. शेजारी शांताबाई, त्यांचा नवरा संत्र्यांची खोकी बनवायचा. हंगाम सुरू झाला की उजाडल्यापासून त्याची ठोकठोक सुरू व्हायची, तिच्यात नागपूरच्या बशीचा हॉर्न मिसळायचा, आणि आमच्या स्वयंपाकघरातून आईचा खलबत्ता. या तीन आवाजांवर आमचा दिवस चालायचा. बाबांच्या हाताला घड्याळ होतं, पण ते बिचारं या आवाजांकडे पाहून लावलेलं असे. हिवाळ्यातल्या रविवारी आई मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोल रोडगे भाजायची आणि त्याच आरात वांगी. भरताचा वास सुटला की शांताबाईंकडची ठोकठोक बरोबर थांबायची. मग आई न बोलता एक रोडगा आणि वाटीभर भरीत भिंतीवरून पलीकडे द्यायची. मागितलं तर नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न माझ्या आईला जन्मभर सुटला नाही. न मागता द्यायची सवय त्याच्याही वरची.

अशोकमामा हा आईच्या पाठचा भाऊ. आमल्याला रेल्वेत लागला होता. आईनंच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, त्यामुळे पहिला पगार झाल्यावर तो नागपूरला गेला आणि तिच्यासाठी एक मोरपंखी पातळ घेऊन आला. जरीचा काठ, आणि पदरावर समोरासमोर दोन मोर. असलं पातळ आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हतं. आईनं ते एकदाच नेसलं, बुद्धविहारातल्या कार्यक्रमाला, तेही घरी येईपर्यंत काटा टोचल्यासारखी अवघडून. मग घडी करून कडुनिंबाच्या पाल्यात पेटीत ठेवलं. महिन्याभरात शांताबाईंनी भावाच्या लग्नासाठी मागून नेलं आणि परत आणलं तेव्हा विडीच्या ठिणगीनं एका मोराचं डोकं जळालेलं होतं. शांताबाई रडायला लागल्या. आई म्हणाली, "जाऊ द्या ना बाप्पा, मोराले कुठी शाळेत जायाचं हाय." तिनं तिथे बारीक रफू केला. मोर राहिला, डोकं गेलं.

मामाचा दुसरा नाद म्हणजे कॅमेरा. काळा डबा, वरून वाकून काचेत पाहायचं, आणि एका रोलवर बारा फोटो. दिवाळीत तो आला तेव्हा मी त्या डब्याला इतके वेळा हात लावला की शेवटी वैतागून म्हणाला, "हे पाह्य सुमे, आपण एक शर्यत लावू. बारा आठवडे कॅमेरा तुह्यापाशी. दर आठवड्याले मी एक विषय पाठवीन, तू त्याच्यावर एकच फोटो काढजो. बारातला एक जरी माह्या क्वार्टरच्या भिताडावर लावासारखा निंगाला, तर कॅमेरा तुहा. नाई त मी वापस घेऊन जाईन."

मी अकरावीत होते. घरातल्या एकाही वस्तूला तोवर मी 'माझी' म्हटलेलं नव्हतं. फ्रॉक थोरल्या चुलतबहिणीचे, पुस्तकं शेजारच्या पोराची, आणि छत्री तर तीन घरांत मिळून एक. तो कॅमेरा मला इतका हवा होता की त्या रात्री मी ताटावरून न जेवता उठले, आणि आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

विषय मामा स्वतःच्या डोक्यातून काढत नसे. आमल्याच्या फलाटावर त्याला फोटोग्राफीचं एक जुनं, वरचं पान फाटलेलं मासिक मिळालं होतं. त्यात विषयांची यादी होती आणि नियमही. ते नियम मामानं वहीच्या पानावर मराठीत उतरवून मला दिले होते. सूर्य पाठीशी ठेवा. हात हलू देऊ नका. आणि सगळ्यांत मोठा नियम, खाली दोन रेघा ओढलेला: माणूस आपल्या कामात मग्न असावा, त्याने कॅमेऱ्याकडे पाहू नये. तो नियम लिहिणारा माणूस सौंसरला कधी आलेला नव्हता.

कारण मासिकवाल्याला आमचे पोस्टमन नथ्थूजी माहीत नव्हते. नथ्थूजी भला माणूस. पण पोस्टकार्ड उघडं असतं म्हणजे ते वाचण्यासाठीच असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. न वाचता नुसतं टाकून जाणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. पहिलं कार्ड आलं, 'विषय: श्रम'. ते माझ्या हातात पडेपर्यंत चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत आणि विहिरीवर वाचून झालेलं होतं. मी आपली मनात ठरवून मोहगावच्या रस्त्याला निघाले. तिकडच्या वावरात गल्लीतल्या बाया कापूस वेचायला जात. डोक्याला फडकं, कमरेला ओटी, वाकलेल्या पाठी, असं सारं चित्र मी डोळ्यांपुढे उभं केलं होतं. जाऊन पाहते तो बांधावर आठ बाया ओळीनं उभ्या, न्हाऊन-माखून, तोंडाला पावडर, केसांत अबोली, अंगावर लग्नातले शालू. आणि सगळ्यांत पुढे शांताबाई, माझ्या आईच्या मोरपंखी पातळात.

"शांताबाई, कापूस वेचताना फोटो पाह्यजे होता," मी रडवेली होऊन म्हणाले.

"मंग वेचतो ना. कोण नाई म्हणते? पण फोटोत का त्याच चिंध्यांत येऊ? वर्षाचे तीनशे दिवस त्याच्यातच असतो वं पोरी."

आणि खरंच, जरीचे पदर खोचून त्या वेचायला लागल्या. पण मी बटण दाबायला गेले की आठही माना वर व्हायच्या. कॅमेरेवाल्या पोरीकडे पाठ करून उभं राहायचं, हा कसला शिष्टाचार? मी काढला फोटो. आठ नवऱ्या कापसाच्या वावरात, हातात एकेक बोंड धरून, फुलं घेतल्यासारख्या.

दुसऱ्या आठवड्याचा विषय 'वार्धक्य'. तो वाचून नथ्थूजींनी कार्डासोबत तीन म्हातारेही आणून दिले. तिघांचं भांडण लागलेलं होतं, सगळ्यांत म्हातारा कोण यावर. एकाला इंग्रज आठवत होते, दुसऱ्याला गावात आलेली पहिली मोटर आठवत होती, तिसऱ्याला काहीच आठवत नव्हतं आणि तोच माझा पुरावा, असं त्याचं म्हणणं. शेवटी तिघांना एका बाजेवर बसवलं. तर त्यांच्या सुना म्हणाल्या, मागं हे पोपडे निघालेलं भिताड येऊन राह्यलं, स्टुडिओत कसा पडदा राह्यते? एक जण धावत गेली आणि कुठूनसं एक पातळ आणून दोन खिळ्यांना ताणून बांधलं. तिसऱ्या आठवड्यात 'मुका प्राणी' आला. ज्याचा बैल निवडला त्यानं पोळ्यासारखी त्याची शिंगं रंगवली आणि पाठीवर झूल चढवली. झूल जुनी झाली होती, म्हणून तिच्यावर आणखी काहीतरी छान टाकलं.

'प्रतीक्षा' आली चौथ्या आठवड्यात, नातीचा तोच विषय. मी बसस्टँडवर गेले. एरवी तिथे माणसं ताटकळून झोपी जात. त्या दिवशी सगळे खडबडून जागे, गंध-पावडर करून, ज्यांना कुठेही जायचं नव्हतं तेसुद्धा पिशव्या घेऊन. छिंदवाड्याची बस आली आणि रिकामीच निघून गेली. कंडक्टर ओरडत होता, आणि मंडळी त्याला सांगत होती, "तुमी व्हा पुढं साहेब, आमी वाट पाहून राह्यलो."

मी दर आठवड्याला घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायचे. बाबा समजूत घालायचे, आई गरम भाकरीवर अंबाडीची भाजी वाढायची. त्या तीन महिन्यांत आमच्या दाराशी रोज कुणी ना कुणी बाई उभी असायची, आणि आई तिच्याशी हळू आवाजात बोलून आत जायची नाहीतर बोटानं दुसऱ्या घराकडे दाखवायची. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मी त्या काचेत सूर्य कुठे आहे आणि हात हलतो का, तेवढंच पाहत होते. आज नातीला सांगते, सगळं पाहून घे बाई, विषय पाहण्याच्या नादात राहू नको. ती 'हो आजी' म्हणते आणि फोनमध्येच पाहते.

बारावा फोटो झाला. बाबांच्या ओळखीचा एक माणूस पांढुर्ण्याला जाणारा होता, त्याच्याबरोबर रोल तिथल्या स्टुडिओत पाठवला. मामानं आमल्याहून गाडीनं पांढुर्ण्याला उतरायचं, फोटो घ्यायचे आणि बशीनं आमच्याकडे यायचं, असं ठरलेलं. तो रविवारी आला. अंगणात रोडगे आरात पडले होते. मामानं चटईवर पाकीट उघडलं आणि एकेक करून बारा फोटो मांडले, पत्त्यांचा डाव मांडतात तसे. 

आधी बाबा हसले. मग मामा हसला. मग भिंतीवरून डोकावणाऱ्या शांताबाईसुद्धा हसल्या, आणि मला कळेना काय झालं. मामानं बोट ठेवलं. कापसाच्या वावरात शांताबाईंच्या खांद्यावर डोकं नसलेला मोर. म्हाताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर, बरोबर मधल्या म्हाताऱ्याच्या टकलावर बसल्यासारखा, डोकं नसलेला मोर. बैलाच्या पाठीवर मोर. बसस्टँडवर वाट पाहणाऱ्या गिरणीवालीच्या पदरावर मोर. 'मैत्री'मधल्या दोन पोरींपैकी एकीनं पातळ नेसलेलं, दुसरीनं त्याचाच पदर खांद्यावर ओढलेला. 'पाणी'मध्ये, 'सण'मध्ये, 'आई आणि मूल'मध्ये. बारांपैकी आठ फोटोंत एकच मोर.

"हे पातळ त सौंसरची पाटलीण होऊन गेलं," बाबा डोळे पुसत म्हणाले.

मामाचं हसू मात्र थांबलं होतं. तो पुन्हा पहिल्या फोटोपासून बघत गेला, सावकाश, प्रत्येक चेहऱ्यावर थांबत. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "ताई, याच्यात तू कोठी हायेस?"

"मी कायले राहू?" आई आतून म्हणाली. "मी स्वयपाक करून राह्यली होती."

"बाराही आठवडे?"

"मंग का बारा आठवडे उपाशी ठेवू लेकराले?"

मामानं फोटो गोळा करून पाकिटात ठेवले. "पातळ म्या तुले देल्लं होतं ताई," एवढंच बोलला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "फोटो चांगले निंगाले सुमे. पण माह्या भिताडावर लावासारखा याच्यात एकबी नाई." आणि कॅमेरा उचलून आपल्या बॅगेत ठेवला. मला जी लाज वाटली ती आजही आठवली की कानाच्या पाळ्या तापतात. कॅमेरा गेला याचं दुःख होतंच. पण साऱ्या गावाचे फोटो काढताना आई मला एकदाही आठवली नव्हती, आणि हे मामानं सांगेपर्यंत मला कळलंही नव्हतं, ते जास्त लागलं. आई त्याला रागावली, म्हणाली, लेकराच्या हातून कायले हिसकून राह्यला. तो म्हणाला, शब्द म्हणजे शब्द.

मग आम्ही जेवायला बसलो. मी दोन घास कसेबसे गिळले आणि म्हटलं, "मामा, तुमच्या बॅगेत नवीन रोल हाय ना? एक फोटो द्या. तेरावा. विषय मी सांगते."

"सांग."

"आई."

मामा भरताचं बोट चाटत माझ्याकडे बघत राहिला. "चारची बस हाय," तो म्हणाला. "तोपर्यंत काहाड."

आईनं साफ नाही म्हटलं. मग आत गेली, आणि पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. पण ती बाहेर येईना. मी जाऊन पाहिलं तर पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला होता आणि त्याच्या मधोमध चौकोनी रिकामी जागा. "कोणाकडं हाय आता, ध्यानातच नाई वं," ती म्हणाली. शांताबाईंनी गिरणीवालीचं नाव सांगितलं, गिरणीवालीनं आणखी दोघींची. गल्लीभर चौकशी फिरली. तेव्हा कुणाला तरी अक्कल सुचली की नथ्थूजींना विचारा.

नथ्थूजी रविवारचे दाढी करत बसले होते. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून म्हणाले, "पातळ? ते गुरुवारी चार हातांतून रामाकोना गावाले गेलं. सगुणाबाईच्या घरी पाव्हणे येऊन राह्यले होते पोरीले पाह्याले." आणि विषय काय आहे हे ऐकल्यावर त्यांनी तोंड पुसलं, सायकल काढली, आणि मला बसायलाही न सांगता निघाले.

साडेतीन झाले. मामानं बॅग ओट्यावर आणून ठेवली. मी रस्त्याच्या वळणावर उभी. आधी घंटी ऐकू आली, मग नथ्थूजी दिसले, आणि त्यांच्या मागे वाऱ्यावर फडफडणारं मोरपंखी पातळ. सगुणाबाईनं धुऊन दोरीवर टाकलेलं होतं, ते ओलंच काढून त्यांनी एक टोक सायकलच्या कॅरियरला आणि दुसरं आपल्या खांद्याला बांधलेलं, वाटेत वाळावं म्हणून. रस्त्यातल्या बाया ओळखून हाका मारत होत्या, "नथ्थूजी, आता कोणाचा नंबर हाय?"

आईनं ते ओलसर पातळ नेसलं. वेणी घातली. तोंडाला पावडर लावली, इतकी की भुवयाही पांढऱ्या झाल्या. मग ओट्यावर येऊन भिंतीला टेकून ताठ उभी राहिली, दोन्ही हात सरळ खाली, टाचा जुळवून. पदर असा घेतला की दोन्ही मोर समोर यावेत, डोक्याचा आणि बिनडोक्याचा.

मामा म्हणाला, "ताई, थोडी इकडं नको पाहू. सूप घेऊन बस, भाजी निवडून राह्यल्यासारखी. मासिकात तसंच लिहेल हाय."

"भाजी मी रोज निवडते अशोक," आई म्हणाली. "आज नाई."

मी वाकून काचेत पाहिलं. मासिकाच्या हिशेबानं एकही गोष्ट धड नव्हती. सूर्य तोंडावर, मागे पोपडे निघालेली भिंत, आणि माणूस डोळे वटारून थेट कॅमेऱ्यात पाहतो आहे. पण तिला अशीच यायची होती. कापसातल्या बायांनाही अशीच यायची होती, आणि मी दर आठवड्याला त्यांच्यावर रुसले होते. मी श्वास धरला आणि बटण दाबलं. बस हॉर्न देत होती.

मामा कॅमेरा घेऊन गेला. तीन आठवडे काही खबर नाही. चौथ्या आठवड्यात मी शाळेतून येत होते तर गल्लीच्या तोंडाशी शांताबाईंच्या नवऱ्यानं हातोडी वर करून ओरडून सांगितलं, "सुमे, कॅमेरा तुहा झाला वं! फोटो भिताडावर लावला मामानं!" मी धावत घरी पोचले. ओट्यावर नथ्थूजी पार्सल मांडीवर घेऊन बसले होते आणि वरचं पोस्टकार्ड आईला तिसऱ्यांदा वाचून दाखवत होते.

पुढच्या उन्हाळ्यात मामाचं लग्न झालं. आम्ही सगळे आमल्याला गेलो, रामाकोन्याच्या सगुणाबाईसुद्धा नवरीकडच्या नात्यातल्या म्हणून आलेल्या. मामाच्या क्वार्टरमध्ये शिरल्या-शिरल्या समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत माझी आई, टाचा जुळवून उभी. पाहुण्या बाया तिथे घोळका करून होत्या. सगुणाबाई डोळे बारीक करून पुढे झाल्या, पदरावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अवं माय! हे त आमच्या पोरीच्या पाह्यण्यातलं पातळ! सुमनच्या आई, तुमी कोणाचं मागून आणलं होतं वं?"

मी सांगायला तोंड उघडलं. आईनं माझा हात दाबला, आणि फोटोकडे बघत म्हणाली, "आणलं होतं बाई मागून. एका दिवसासाठी."